जाम झालेले पायडल काढणे

सायकलच्या क्रँकमध्ये, म्हणजे पायडल ज्या दांडीच्या टोकाला असते तिच्यात, आट्यांनी बसवलेला पायडलचा आस गंजामुळे किंवा अति आवळल्यामुळे अडकतो. क्रँकचे आटे शाबूत ठेवून तो सोडवणे हे घरच्या दुरुस्तीतले एक नेहमीचे काम आहे. बहुतेक सायकलींत या आसाचा व्यास 9/16 इंच आणि आटे इंचाला 20 असतात. एकसंध क्रँकच्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दांड्या एकाच तुकड्यात असलेल्या, सायकलींत व्यास 1/2 इंच असतो.

जाम वाटणारे पायडल कित्येकदा उलट्या दिशेने फिरवले जात असते. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे, तर डाव्याचे उलटे असतात. क्रँकच्या भोकात आसाला किंचित सैलपणा असला, की पायाच्या भाराने तो भोकाच्या कडेवर घरंगळतो आणि क्रँक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने तिच्या भोकात हळूहळू फिरू पाहतो. या फिरण्याने तो आवळलाच जावा, म्हणून दोन बाजूंना दोन तऱ्हेचे आटे. लक्षात ठेवायला एकच खूण पुरते: पाना आसावरून वर उभा धरला, तर त्याचे टोक मागच्या चाकाकडे ओढले की दोन्ही पायडले सुटतात. आसाच्या आतल्या टोकाला 6 किंवा 8 मिमीची ॲलन की (षटकोनी किल्ली) लावली तरी हीच खूण लागू पडते. घड्याळाच्या काट्यांचा हिशेब मात्र आतून पाहताना उलटा होतो आणि तिथेच लोक फसतात.

अडकण्याचे मुख्य कारण पोलादी आस आणि ॲल्युमिनियमची क्रँक ही जोडी. ग्रीस न लावता बसवलेल्या आट्यांत ओल शिरली, की या दोन धातूंच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत दाटून बसते. खारी हवा आणि पाऊस दोन्ही असलेल्या कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर हे लवकर घडते. जुन्या पोलादी क्रँकमध्ये साधा तांबडा गंज असतो.

सोडवताना आधी आट्यांत झिरपणारे तेल आसाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे क्रँकच्या आतल्या भोकातूनही, सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. ही वाट पाहणे टाळू नये. मग 15 मिमीचा, पातळ जबड्याचा आणि लांब दांड्याचा पायडल पाना घ्यावा. साधा पाना जाड असल्याने अर्धवट बसतो आणि आसाचे सपाट पैलू गोल करतो. साखळी मोठ्या चक्रावर ठेवावी, नाहीतर पाना सटकताच दात बोटांत घुसतात. क्रँक पुढे आडवी करून पाना तिच्या थोडा वर, मागे वळलेला धरावा आणि दोन्ही मुठीत आवळल्यासारखे एकमेकांकडे दाबावेत. एवढ्यानेही हलले नाही तर पान्यावर पाइप चढवावा.

तरीही हटत नसेल तर उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून क्रँकच्या टोकावर उकळते पाणी ओतून लगेच पाना लावावा. तेल लावलेल्या जागी ज्योत धरू नये. कार्बनच्या क्रँकला उष्णता वर्ज्यच.

पैलूच गोल झाले असतील, तर क्रँक सायकलवरून उतरवावी. पायडलची बाहेरची टोपी, नट, कोन (छर्ऱ्यांना टेकणारी निमुळती कडी) आणि छर्रे काढून वरचा सांगाडा सोडवावा. उरलेला उघडा आस व्हाइसमध्ये घट्ट धरून क्रँकच फिरवावी. ती वर ठेवून वरून पाहताना उजवी घड्याळाच्या उलट, डावी घड्याळाप्रमाणे. पान्यापेक्षा ही पकड कितीतरी खात्रीची आहे.

आटे आसाबरोबर उपटून आले, तर भोक मोठे करून त्यात आट्यांची बुश (आतून आटे असलेली नळी) बसवता येते. हे काम लेथवाल्याकडे द्यावे. आटे शाबूत असतील तर ते ब्रशने पुसून ग्रीस लावावे, आसावरची एल किंवा आर ही खूण पाहावी आणि पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागले आहेत. शेवटी 35 ते 40 न्यूटन-मीटर एवढेच आवळावे.