टायर अपसायझिंग

मोटारीला कंपनीच्या रिमपेक्षा (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकापेक्षा) मोठी रिम बसवताना चाकाचा एकूण व्यास मूळच्याइतकाच राहील असा टायर निवडणे, याला अपसायझिंग म्हणतात. रिम एका इंचाने वाढवली तर ‘प्लस वन’, दोन इंचांनी वाढवली तर ‘प्लस टू’. चाक मोठे करणे हा यातला हेतू नव्हे. रिम जेवढी वाढली, तेवढी टायरची साइडवॉल, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्याला टेकणाऱ्या भागापर्यंतची बाजू, बुटकी करायची असते. हे ध्यानात न घेतल्यानेच बहुतेक निवडी चुकतात.

टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असेल, तर १८५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. मधला ‘आर’ रेडियल बांधणीचा आहे. तो त्रिज्येचा समजणारे पुष्कळ आहेत. एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिन्ही आल्यामुळे नुसते वाचून अंदाज येत नाही. हिशेबच करावा लागतो.

तो अवघड नाही. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी. साइडवॉल रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून २४०.५. त्यात रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी मिळवले की एकूण व्यास ६२१.५ मिमी. मारुती सुझुकी बलेनोच्या खालच्या व्हेरियंटला हाच टायर येतो, तर वरच्या व्हेरियंटला १९५/५५ आर १६. त्याचा व्यास ६२०.९ मिमी भरतो. रिम इंचभर मोठी, तरी फरक एक मिलिमीटरही नाही. उत्तम अपसायझिंगचा हा कंपनीनेच घालून दिलेला नमुना आहे.

त्याच गाडीला १७ इंची रिमवर २०५/४५ आर १७ घातला, तर व्यास ६१६.३ मिमी, म्हणजे ०.८ टक्के कमी, हेही चालण्यासारखे. पण चाक भरलेले दिसावे म्हणून १६ इंची रिमवर १९५/६० घेतला, की व्यास ६४०.४ मिमी होतो, ३ टक्क्यांनी जास्त. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्यांवरून वेग काढतो. त्यामुळे तो आधी अचूक असेल, तर आता १०० दाखवताना गाडी १०३ ने धावत असते. ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असे सर्रास सांगितले जाते. मात्र १ टक्क्याच्या आतले माप मिळत असताना तिथवर ताणण्यात अर्थ नाही.

व्यास जुळला तरी भारक्षमता वेगळी पाहावी लागते. मापापुढचा ८८ हा आकडा टायरमागे ५६० किलो भार सांगतो, ८७ म्हणजे ५४५ आणि ८४ म्हणजे ५०० किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर परस्पर घेऊ नये. बुटक्या टायरमध्ये तीच क्षमता हवी असेल तर ‘एक्सएल’ (जादा भार पेलणारा) प्रकार घ्यावा लागतो, आणि त्यात हवाही थोडी जास्त ठेवावी लागते.

रिमची रुंदी आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला जिथे टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर) यांवर चाक किती आत-बाहेर जाईल ते ठरते. ६ इंच रुंद, ४५ ऑफसेटच्या रिमऐवजी ७ इंच रुंद, ३५ ऑफसेटची रिम लावली, तर बाहेरची कड जवळपास २३ मिमी बाहेर सरकते आणि आतली अवघी ३ मिमी आत. शोरूमच्या सपाट फरशीवर सगळे छान दिसते. खरी परीक्षा मागे तिघे बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, गतिरोधकावरून गाडी नेल्यावर होते. मग टॉर्च घेऊन मडगार्डच्या आतले प्लास्टिक पाहावे. टायर घासत असेल तर तिथे काळा, गुळगुळीत पट्टा उमटलेला दिसतो.

साइडवॉल १२० मिमीवरून १६ इंची रिमवर १०७ वर आणि १७ इंची रिमवर ९२ वर येते. वळणावर गाडी घट्ट वाटते हे खरे, पण धक्का पचवायला रबर आणि हवा तेवढी कमी उरते. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही. चाक आदळले की साइडवॉल रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात चेचली जाते, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. आपल्या रस्त्यांसाठी प्लस वनवर थांबणे शहाणपणाचे.

एकूण व्यास जुळत असेल, तर जुने १५ इंची चाक स्टेपनी म्हणून वेळ मारून नेते. पोलादी रिमचे आणि अलॉयचे नट मात्र नेहमी एकच नसतात, म्हणून मूळ नटांचा संच डिकीत ठेवावा.