पत्ता नसलेला सर्व्हर

मिनी-डीव्ही कॅसेटवरचं तासाभराचं लग्नाचं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवलं की साधारण १३ जीबी जागा खातं. अशा चार-पाच कॅसेटी आणि फोनमधले बारशा-मुंजीचे व्हिडिओ एका जुन्या लॅपटॉपवर टाकायचे, त्यावर जेलीफिन हे सॉफ्टवेअर बसवायचं, की घरचा मीडिया सर्व्हर, म्हणजे टीव्ही-फोनला व्हिडिओ पुरवणारं यंत्र, तयार. जेलीफिन फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. एम्बी या प्रकल्पाने २०१८च्या डिसेंबरात आपला कोड बंद केला, तेव्हा नाराज मंडळींनी ही वेगळी चूल मांडली.

घरातल्या घरात सगळं झकास चालतं. अडखळतं ते एकाच ठिकाणी. नव्या फोनचं शूटिंग बहुधा एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या प्रकारात असतं आणि जुन्या टीव्हीला ते उमगत नाही. मग सर्व्हरला व्हिडिओ चालता चालता उलगडून एच.२६४ या जुन्या प्रकारात पुन्हा बांधावा लागतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत एच.२६४ बांधायचं वेगळं सर्किट २०११पासून असतं, एचईव्हीसी उलगडायचं मात्र २०१५पासून. रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरमधून एच.२६४ बांधायचं सर्किट काढून टाकलंय, त्यामुळे हौसेने पाय घेणाऱ्यांचा इथेच हिरमोड होतो.

खरी गंमत पुढे आहे. नाशिकच्या मावशीला हे शूटिंग तिच्या घरून बघायचंय.

त्यासाठी आपल्या घराला इंटरनेटवर पत्ता हवा, आणि बहुतेकांच्या घराला तो नसतोच. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा २०११च्या एप्रिलमध्येच आटला. मग इंटरनेट कंपन्यांनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायला सुरुवात केली. ग्राहकाला आतल्या आत वापरायला जे पत्ते मिळतात, त्यांच्यासाठी २०१२मध्ये एक पट्टा राखून ठेवला गेला: १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, या पट्ट्यातला दिसला, तर समजायचं की आपण अशा वाटपात आहोत. राउटरवर कितीही पोर्ट, म्हणजे आत यायची क्रमांकाची दारं, उघडा, बाहेरून कोणी पोचणार नाही.

सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनचा नियम आठवा: आतून कोणी मागवलं असेल तरच माणूस आत, नाहीतर बाहेर. कंपनीची यंत्रणा तशीच वागते. आतून एखादं पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पुडकं, बाहेर गेलं की ती वहीत नोंद करते, आणि त्याच ठिकाणाहून आलेलं उत्तर तेवढं आत सोडते. आता मावशीच्याही गेटवर असाच वॉचमन आहे. दोघंही एकमेकांच्या पाहुण्याला हाकलणार.

यावरची युक्ती मला फार आवडते. दोन्ही यंत्रं आधी एका तिसऱ्या, उघड्या पत्त्याच्या सर्व्हरशी बोलतात. बाहेरून आपण कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या पोर्टवर दिसतो, ते त्याच्याकडून कळतं. तो एकाची माहिती दुसऱ्याला देतो. मग दोन्ही यंत्रं जवळपास एकाच वेळी एकमेकांकडे यूडीपी प्रकारचं (आधी जोडणी न करता धाडता येणारं) पॅकेट धाडतात. पहिलं पॅकेट कदाचित वाया जातं, पण जाता जाता आपल्या गेटवर नोंद करून जातं. पुढचं पॅकेट समोरून येतं तेव्हा वहीत नाव असतंच! व्हिडिओ थेट दोन घरांत वाहू लागतो, तिसऱ्याचं काम संपलं. टेलस्केलसारखी सेवा हेच करते, आणि कुलूप वायरगार्ड या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं लावते. नोंद फार काळ टिकत नाही, म्हणून वायरगार्डला दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवायला सांगण्याची पद्धत आहे.

काही कंपन्यांची यंत्रणा दर नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट वापरते. तिथे मिळालेली माहिती कुचकामी ठरते आणि व्हिडिओ मधल्या सर्व्हरमार्फत, म्हणजे रखडत जातो. आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत असेल तर पत्त्यांची टंचाई नाही, पण ते दोन्ही घरांत हवं, आणि राउटरची फायरवॉल अनोळखी पॅकेट अडवतेच.

ज्यांना सार्वजनिक पत्ता मिळतो, त्यांना जेलीफिनचा ८०९६ पोर्ट सरळ उघडून टाकायचा मोह होतो. तसं करू नये. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये झेडमॅप हे साधन आणलं. त्याने एका कॉम्प्युटरवरून सगळे आयपीव्ही४ पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपता येतात. तुमचा उघडा पोर्ट कोणाला दिसणारच नाही, ही समजूत भाबडी आहे. आणि वाटायचं ते आपलं स्वतःचं शूटिंग. विकतचे सिनेमे दहा घरांत वाटणं कॉपीराइट कायद्यात बसत नाही.

आता वेग. ८ एमबीपीएसचा व्हिडिओ तीन घरांत एकदम चालला, तर आपल्याकडून २४ एमबीपीएस अपलोड लागतो. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, तेव्हा अपलोड तपासून घ्या. मावशीच्या टीव्हीवर टेलस्केलचं ॲप चढतं का, हेही आधी विचारा. अँड्रॉइड टीव्हीवर चढतं. इतर टीव्ही असेल तर एचडीएमआयला अँड्रॉइडची स्टिक लावा आणि टेलस्केल व जेलीफिन ही दोन्ही ॲप तिच्यावर टाका.