घाट उतरायला शिकवताना

कोकणात अठरा पूर्ण झालेल्या पोरांचं गाडी शिकणं ठरावीक वाटेने जातं. लर्निंग लायसन्स, ‘एल’ लावून महिनाभर सराव, मैदानात रिव्हर्स, मग टेस्ट. यात घाट आलाच तर चढाचा येतो: हँडब्रेक ओढ, हाफ क्लच धर, गाडी थरथरली की हँडब्रेक सोड. उतार मात्र ‘ब्रेकवर पाय ठेव’ एवढ्यात उरकतो, आणि नेमकी हीच सवय पुढे नडते.

हिशेब करून बघू. माणसं धरून १२०० किलोची गाडी घाटात ५०० मीटर उंचीवरून खाली आली, तर जवळजवळ ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेत २७ अंशांचं १९ लीटर पाणी उकळतं. न्हाणीवरचा एक भरलेला हंडाच म्हणा. त्यातलं थोडं वारा आणि टायर खातात. उरलेलं इंजिनाने रोखलं नाही, तर ते सगळं ब्रेकच्या वाट्याला येतं. पॅड आणि लायनर जास्त तापले की त्यांची पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पण ते हवेतली ओल शोषतं आणि मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० वर येते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं ते यासाठी. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, पेडल खालपर्यंत जातं आणि गाडी पळतच राहते.

म्हणून उताराचा पहिला धडा गिअरचा. जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, तो त्याच गिअरमध्ये उतरायचा. आंबा किंवा कुंभार्ली घाटातल्या तीव्र वळणांना बहुतेकदा दुसरा. गिअर उतार लागण्याआधीच टाकायचा. मध्यावर क्लच दाबला की इंजिनाची ओढ सुटते, वेग वाढतो, घाबरलेल्या हाताला गिअर सापडत नाही. ब्रेक सतत चोळायचा नाही. वेग ४० वर गेला की नीट दाबून ३० वर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा, म्हणजे मधल्या वेळात चाकांना वारा लागतो. ऑटोमॅटिकमध्ये ‘एल’ (लो गिअर) किंवा मॅन्युअल मोड याच कामासाठी दिलेला असतो.

‘न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचतं’ हे ज्ञान पोरांना घरातूनच मिळतं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरत असताना इंजिनाला इंधन जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. इंजिनच बंद केलं तर दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

दुसरा धडा नजरेचा. नवशिका बॉनेटच्या पुढचा दहा-पंधरा मीटर रस्ता बघतो. नजर लांब जावी म्हणून त्याला पुढचा रस्ता बोलून दाखवायला लावा: ‘डावं वळण, आरसा आहे, खालून एसटी, मी थांबतोय.’ बोलणं तुटलं की समजा, डोक्यावर ताण आलाय. तिथेच वेग कमी करायला लावा. एसटी कोपऱ्यावर आपल्या बाजूला का येते तेही सांगा. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात, त्यामुळे ड्रायव्हरला बाहेरून मोठा वळसा घ्यावा लागतो. वळणाच्या अलीकडे थांबून तिला जाऊ द्यायचं. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा तर नियमच आहे.

पावसाळ्याआधी पोराकडून हे आकडे कागदावर काढून घ्या. ४० च्या वेगात कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. ओल्यावर १६, ओल्या उतारावर २०. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच्या दीड सेकंदात गेलेले १७ मीटर वेगळे. पहिल्या सरीत तेल-धूळ-पाण्याचा राप आणि दरडीवरून वाहून आलेली तांबडी माती असेल तर याहून जास्त. टायरच्या खाचांची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर असली, तरी इथल्या पावसाला ३ मिलिमीटरवरच टायर बदललेला बरा. आंबोलीच्या धुक्यात हेडलाइट लोअर ठेवायचा. अपरचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

राहिला प्रश्न मित्रांचा. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ३०६ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गाडी चालवण्याचा एक व्हिडिओ गेम काही जण एकट्याने खेळले, काही जण समवयस्कांसमोर. सोबत मंडळी असताना किशोरांनी आणि तरुणांनी जास्त धोका पत्करला. मोठ्यांवर तेवढा परिणाम झाला नाही. तेव्हा पहिले सहा महिने घाटात मागच्या सीटवर मित्र नकोत. सोळाव्या वर्षी कॉलेजला स्कूटर देणाऱ्या घरांसाठी वेगळीच गोष्ट: २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

लायनर जळाल्याचा वास आला तर रुंद जागा बघून थांबायचं, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा आणि अर्धा तास बसायचं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकडी होऊ शकते. हा वास येण्याआधीच गोष्ट पटवायची असेल तर कोरड्या दिवशी, कमी रहदारीच्या किलोमीटरभर उतारावर तुम्ही स्वतः गाडी चालवा: एकदा तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर, आणि गाडी पूर्ण निवल्यावर एकदा दुसऱ्यात. दोन्ही वेळा खाली थांबून पोराला पुढच्या चाकाजवळ, न शिवता, वीतभर अंतरावर तळहात धरायला सांगा.