‘किट’ या शब्दाचा गोंधळ: बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नोकरी-शेती सांभाळून, चाळिशीच्या पुढे सोल्डरिंग आयर्न हातात घेणारे बरेच भेटतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दिवसभर लेथवर मायक्रोमीटर वाचणाऱ्याला मल्टिमीटर जड जात नाही. अडतं ते दुकानाच्या काउंटरवर. ‘एक किट द्या’ म्हटलं की पुढ्यात काय येईल याचा नेम नसतो, कारण या एका शब्दाखाली आज तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

मूळ अर्थ सुट्या भागांचा. अमेरिकेत 1947 साली युद्धातून उरलेल्या मालावर ऑसिलोस्कोपचं किट 39.50 डॉलरला निघालं आणि घरी जोडायच्या किटांची लाट आली. आपल्याकडे तेव्हा नुसता रेडिओ बाळगायलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे. छंद म्हणून किट खऱ्या अर्थाने आवाक्यात आलं ते आयसी (अनेक पार्टांचं काम करणारी एकच चिप) स्वस्त झाल्यावर. 555 हा टायमरचा आयसी 1972 मध्ये आला, आणि पुढे पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड इथल्या दुकानांत छोट्या पिशव्या टांगलेल्या दिसू लागल्या. आत एक कोरी पीसीबी (पार्ट बसवायची, तांब्याच्या रेषा छापलेली पट्टी), मूठभर पार्ट आणि इंग्रजीत छापलेला कागद. बेळगाव पुणे-बंगळूर हायवेवरच, त्यामुळे दोन्हीकडचा माल इथे उतरायचा.

गणपतीच्या आराशीसाठी सर्वांत खपणारं किट रनिंग लाइटचं. 555 ठोके देतो, 4017 हा दुसरा आयसी ते मोजून दहा एलईडी एकामागून एक लावतो. 555 च्या सात नंबरच्या पिनेपासून प्लसला 1 के (किलोओहम) चा रेझिस्टन्स, सात आणि सहाच्या मध्ये 4.7 के आणि 100 के चा पॉट (फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स), सहापासून ग्राउंडला 10 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. दोन आणि सहा एकत्र जोडलेल्या. पॉट फिरवला की वेग सेकंदाला सुमारे 14 ठोक्यांपासून दीड सेकंदाला एका ठोक्यापर्यंत उतरतो. नवख्याच्या हातून दोन चुका हमखास होतात. पहिली, 4017 च्या पिना 1, 2, 3 अशा क्रमाने एलईडींना जोडणं. आउटपुटचा खरा क्रम 3, 2, 4, 7, 10, 1, 5, 6, 9, 11 असा आहे. तो चुकला की उजेड धावत नाही, उड्या मारतो. दुसरी, 13 नंबरची पिन ग्राउंडला न जोडता मोकळी सोडणं. मग बोट नुसतं जवळ नेलं तरी मोजणी थांबते किंवा भलतीकडे जाते. ही चूक स्वतः शोधून काढणाऱ्याला 4017 सारख्या सीमॉस जातीच्या आयसीची मोकळी पिन म्हणजे काय, हे पुन्हा सांगावं लागत नाही. सुट्या भागांच्या किटाची खरी किंमत इथे वसूल होते.

मग हा शब्द घसरला, आणि तो मेकॅनिकांच्या तोंडी. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं जुनं सर्किट काढून त्या जागी आयतं ‘चायना किट’ बसवण्याचा धंदा जोरात होता. ‘किट गेलंय, बदलावं लागेल’ या वाक्यात किट म्हणजे पूर्ण जोडलेलं बोर्ड. साउंडवाल्यांचं ‘4440 चं किट’ (4440 हा अँप्लिफायरचा आयसी) तसंच: पार्ट लावलेले, सोल्डर मारलेलं, फक्त सप्लाय आणि स्पीकरच्या तारा जोडायच्या. मेकॅनिकाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. गिऱ्हाइकाचा सेट संध्याकाळपर्यंत वाजता करायचा असतो, तिथे एकेक रेझिस्टन्स कोण मोजत बसणार? पण शिकायला आलेल्या माणसाच्या हातात हेच ‘किट’ पडतं तेव्हा त्याचं नुकसान होतं. बोर्डावर ‘12 व्होल्ट’ छापलेलं पाहून तो 12-0-12 चा (मधल्या तारेपासून दोन्हीकडे 12-12 व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर आणतो आणि दोन टोकांना ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) लावतो. तिथे एसी 24 व्होल्ट असतात, म्हणजे फिल्टर कंडेन्सरवर 32-33 व्होल्ट डीसी. हा आयसी 18 च्या वर टिकत नाही. मधली तार ग्राउंड धरून दोनच डायोड वापरले असते तर 16 च्या आसपास मिळाले असते. 9 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज त्याहून सुरक्षित. सप्लायचा भाग स्वतः जोडणाऱ्याला हा हिशेब करावाच लागतो. तयार बोर्ड घेणाऱ्याला तो आयसी जळाल्यावर कळतो.

तिसरा अर्थ अलीकडचा. आर्डुइनो (प्रोग्राम टाकता येणाऱ्या छोट्या बोर्डांचा प्रकल्प) 2005 मध्ये इटलीत सुरू झाला, त्याचं उनो बोर्ड 2010 चं. आज ऑनलाइन ‘स्टार्टर किट’ मागवलं की बोर्ड, ब्रेडबोर्ड (सोल्डर न मारता पार्ट खोचायची पट्टी), जंपर वायरी आणि सेन्सरची मॉड्यूल्स घरपोच येतात. निपाणी-चिकोडीकडे याची ओढ समजण्यासारखी आहे: टाकी भरली की मोटर बंद व्हावी, फेज आली की पंप आपोआप सुरू व्हावा, ही इथली रोजची गरज. प्रोग्राम लिहिता येतो ही मोठीच गोष्ट आहे. तरी सुरुवात इथून करू नये असंच अनुभवी हात सांगतात, आणि ते बरोबर आहे. उनोच्या पिनेतून 20 मिलिअँपिअरपर्यंतच करंट घ्यायचा असतो, 5 व्होल्टच्या साध्या रिलेच्या (छोट्या करंटने मोठा स्विच चालवणाऱ्या पार्टाच्या) कॉइलला 70 च्या आसपास लागतो. म्हणून मध्ये बीसी547 हा ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला 1 के, आणि कॉइलला उलटा 1एन4007 हा डायोड. रिले सुटताना कॉइल जो उलटा झटका देते तो हा डायोड गिळतो. रिलेच्या मॉड्यूलवर हे सगळं आधीच बसवलेलं असतं, म्हणून ते का आहे हा प्रश्नच पडत नाही. पुढे कधी सुटा रिले थेट पिनेला जोडला जातो आणि पिन जाते. ब्रेडबोर्डाचंही तसंच. मोठ्या बोर्डाच्या कडेची सप्लायची पट्टी बऱ्याचदा मध्यावर तुटलेली असते. लाल रेषेत खंड दिसला तर तिथे वायरीचा तुकडा जोडावा, नाहीतर अर्धं सर्किट मेलेलं राहतं.

त्यामुळे काउंटरवर नुसतं ‘किट’ म्हणू नये. ‘सुटे पार्ट आणि कोरी पीसीबी, सोल्डर न मारलेलं’ असं पूर्ण सांगावं, पिशवी उघडून कागदावर सर्किटचं चित्र आहे का ते पाहावं, आणि सोबत 25 वॅटचं आयर्न व 60/40 ची (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) सोल्डर वायर घ्यावी.