सॅन फ्रान्सिस्कोत शहराच्या जागेत गाळा घेतलाय? कीड व्यवस्थापन आराखडा कुठे अडतो ते वाचा

भाडेकराराचं पहिलं पान काढा आणि जागामालक म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहा. ‘सिटी अँड काउंटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे, मग तुमचा बागेतला कॉफीचा ठेला असो की विमानतळावरचं दुकान. विमानतळ शेजारच्या सॅन मटेओ काउंटीत (जिल्ह्यात) येतो, म्हणून आपण सुटलो, असं समजू नका. जागा कुणाच्या मालकीची आहे, एवढंच इथे विचारलं जातं. पोटभाड्याने जागा घेतली असेल तर मूळ करार मागून वाचा.

शहराने १९९६ साली स्वतःच्या मालमत्तेवरची कीटकनाशकं कमी करण्याचा कायदा केला. तो आता पर्यावरण संहितेच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. आधी फटी बुजवा, गळती थांबवा, खरकटं उचला, सापळे लावा. औषध सगळ्यात शेवटी. करारातलं कीड व्यवस्थापनाचं कलम भाडेकरूलाही शहराच्या विभागाइतकंच बांधून घेतं आणि शहराने आराखडा लेखी मंजूर केल्याशिवाय औषधाला हात लावू देत नाही. ते कलम म्हणजे एका दमात न वाचता येणारं वाक्य आहे, त्यामुळे कुणी वाचत नाही यात नवल नाही.

आराखड्यात तीन गोष्टी लागतात. संपर्क व्यक्तीचं नाव, पद, पत्ता आणि फोन ही सोपी. नाव मात्र तुमच्या माणसाचं द्या. पेस्ट कंट्रोलवाला उद्या बदलला की तो फोन कोण उचलणार?

दुसरी, शहराचं धोरण तुम्ही कसं पाळणार याचं वर्णन. इथे ‘आम्ही स्वच्छता राखतो’ एवढं लिहून भागत नाही. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, अर्जेंटाइन मुंग्या पावसाळ्यात आणि कडक कोरड्या दिवसांत आत शिरतात. त्या कुठून येतात, ती फट कोण बुजवणार, चिकट सापळे किती दिवसांनी तपासणार, हे लिहा. अर्ध्या पानात मावतं.

खरी अडचण तिसऱ्या गोष्टीची: कोणती कीटकनाशकं लागतील आणि अंदाजे किती. तिथे ‘गरजेनुसार’ लिहिणं म्हणजे रकाना कोरा सोडणं. आणखी एक चूक फार होते. हिशोब एका वर्षाचा दिला जातो, पण कलमात विचारलंय ते कराराच्या संपूर्ण मुदतीचं. करार पाच वर्षांचा असेल तर पाचने गुणा. उत्पादनाचं पूर्ण नाव, ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) नोंदणी क्रमांक आणि एका भेटीत लागणारं प्रमाण पेस्ट कंट्रोलवाल्याकडून लेखी घ्या. तोंडी आकड्यावर विसंबू नका.

शहराची ‘कमी धोक्याच्या कीटकनाशकांची यादी’ असते. ताजी यादीच पाहा, कुणीतरी पाठवलेली जुनी फाइल नको. नाव यादीत सापडलं म्हणून हुरळू नका. समोर ते कशासाठी चालेल हेही लिहिलेलं असतं.

आता आपल्या लोकांसाठी. सिंकच्या जाळीत डांबराच्या गोळ्या टाकायची सवय इथे सोडा. अमेरिकेत त्या कीटकनाशक म्हणून मोजल्या जातात आणि हवाबंद डब्यातल्या कपड्यांपुरत्याच चालतात. बॅगेतून आणलेला झुरळाचा खडू तर सरळ बेकायदा आहे.

बाहेरच्या अंगणात औषध मारायचं असेल तर राज्याचा परवाना असलेल्या कृषी कीड सल्लागाराची लेखी शिफारस आधी हवी. हा कागद बहुतेकांकडे नसतो, कारण फवारणाऱ्याच्या परवान्यालाच लोक शिफारस समजतात. फवारणाऱ्याचा किंवा त्याच्यावर देखरेख करणाऱ्याचा परवाना वेगळा, तोही लागतो. दोन्ही जोडा.

सूचनेची पाटी फवारणीआधी किमान तीन दिवस लावायची आणि नंतर किमान चार दिवस ठेवायची. सोमवारी फवारणी असेल तर शुक्रवारी लावा आणि पुढचा शुक्रवार उलटेपर्यंत हलवू नका. सोमवारी सकाळी पाटी आणि दुपारी फवारणी, हे चालत नाही. पाटीवर उत्पादन आणि त्यातला क्रियाशील घटक, कोणती कीड, तारीख, लेबलवरचा ‘कॉशन’ किंवा ‘वॉर्निंग’ असा इशारा, पुन्हा आत कधी जाता येईल ते आणि संपर्क लिहा. वापराची नोंद ठेवून शहराला कळवावी लागते. कंत्राटदाराने मारलेलं औषधही तुमच्याच खात्यात.

यादीबाहेरचं औषध खरंच हवं असेल तर याच कायद्याच्या कलम ३०३ खाली सूट मागता येते. पर्याय प्रामाणिकपणे शोधले, परवडणारा आणि गुण देणारा पर्याय मिळाला नाही, हे दोन मुद्दे लोक हिरिरीने मांडतात. सूट मिळालेल्या काळात पर्याय कसा शोधत राहणार, याचा आराखडा हा तिसरा मुद्दा असतो. तो लिहायचा राहूनच जातो.