केसांविना कुंचला : जलरंगाच्या ब्रशमागचा इतिहास

प्राचीन इजिप्तमधले लेखनिक लव्हाळ्याची बारीक काडी तिरकी कापत, टोक चावून तिचे तंतू मोकळे करत आणि त्यानेच शाई लावत. म्हणजे प्राण्याच्या केसांशिवाय कुंचला ही आजची कल्पना नव्हे. तरीही पुढची अनेक शतके केसांचीच सद्दी राहिली.

त्याला कारण केसाची घडण. तो टोकाकडे निमुळता होतो आणि त्याच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात. त्यामुळे ओला झुपका पोटात पाणी धरून ठेवतो आणि टोकातून बेताबेताने सोडतो. जलरंगाचे बरेचसे काम या एका गुणावर चालते. 1400 च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इतालवी चित्रकाराने खारीच्या शेपटीचे केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवून कुंचला कसा करावा, ते लिहून ठेवले आहे. पुढे पिसाची जागा धातूच्या नळीने घेतली आणि मानाचे पान कोलिन्स्कीला मिळाले. हे सायबेरियन वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्याच्या शेपटीचे केस. 1866 मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी केलेल्या कुंचल्यांतून आपली ‘सीरीज 7’ जन्मली, असे विन्सर अँड न्यूटन कंपनी सांगते. आजही नवा कुंचला त्याच कसोटीवर जोखला जातो.

हे केस मेंढीच्या लोकरीसारखे कातरून घेतात, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. प्राणी मुख्यतः रानात सापळा लावून पकडला आणि मारला जातो. शेपटी फरच्या व्यापारातून येते. केसांचा कुंचला टाळायला माझ्या लेखी एवढे कारण पुरेसे आहे. भारताच्या पुढाकाराने हा प्राणी साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याच्या व्यापाराला कागदपत्रे लागतात. 2013 मध्ये अमेरिकेत अशा कुंचल्यांची आयात त्यावरूनच अडली, तेव्हा अनेक चित्रकारांनी पर्यायांकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिले.

पर्याय तोवर बराच जुना झाला होता. ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या चमूने 1935 मध्ये नायलॉन तयार केले आणि 1938 मध्ये ते बाजारात आले ते टूथब्रशच्या तंतूंच्या रूपात. पण चित्रासाठी हा तंतू फारच गुळगुळीत: पाणी धरत नाही, टेकवताच सगळे सोडून देतो. कृत्रिम ब्रश म्हणजे शाळेतला स्वस्त ब्रश, ही बदनामी तिथून चिकटली. पुढे पॉलिस्टरचे तंतू आले, त्यांची टोके रसायनाने झिजवून निमुळती करता येऊ लागली, जाड-बारीक आणि नागमोडी तंतू एकाच झुपक्यात मिसळले गेले. नागमोडी तंतूंमधल्या फटींत पाणी अडते. खवल्यांचे काम असे वेगळ्या वाटेने साधले.

निवडताना हाच इतिहास कामी येतो. मोठ्या वॉशसाठी, म्हणजे पातळ रंगाच्या पसरट थरासाठी, खारीच्या केसांसारखा मऊ, नागमोडी तंतूंचा कुंचला घ्यावा. रेषेसाठी कोलिन्स्कीसारखा लवचीक, दाबून सोडताच सरळ होणारा. ओला करून झटकल्यावर एकच टोक जुळले पाहिजे. नुसत्या ‘सेबल’ (कोलिन्स्कीसारखे केस) किंवा ‘स्क्विरल’ (खार) या शब्दावर जाऊ नये, ‘सिंथेटिक’ लिहिलेले आहे का ते पाहावे. ‘ब्लेंड’ म्हटले असेल तर त्यात बहुधा खरे केस असतात.

निगाही साहित्यानुसार बदलते. केसांना कसर लागते, या तंतूंना लागत नाही. त्यांचा शत्रू म्हणजे दाब: पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा ठेवला की टोक वाकते आणि तसेच राहते. वाकलेच तर फक्त टोक काही क्षण गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ करावे. धातूच्या नळीपर्यंत गरम पाणी गेले तर गोंद सैल पडू शकतो. काम संपताच सौम्य साबणाने धुऊन आडवा वाळवावा. काही साबणांत प्राण्यांची चरबी असते, तेही पाहून घ्यावे.

आणि रंगाची नळीही. काही जलरंगांत बैलाचे पित्त किंवा मध असतो, आणि ‘आयव्हरी ब्लॅक’ आजही जाळलेल्या हाडांपासून होतो.