२० टक्के कपात, मग २० टक्के वाढ : पगार पूर्ववत होतो का?

‘पगारात २० टक्के कपात झाली आणि पुढे २० टक्के वाढ मिळाली, की फिटंफाट’, असं बरेच जण धरून चालतात. आकडे सारखेच असल्याने तसं वाटणं साहजिक आहे, पण हिशेब जुळत नाही.

पगार ३०,००० रुपये धरू. २० टक्के म्हणजे ६,००० गेले, उरले २४,०००. आता वाढ मिळते ती या २४,०००वर. त्याचे २० टक्के ४,८००च होतात, म्हणून हातात येतात २८,८००. वर्षाला १४,४०० कमी. ही काही किरकोळ रक्कम नाही. मूळ आकड्यावर यायला २५ टक्के वाढ लागते, कारण गेलेले ६,००० हे २४,०००चा चौथा हिस्सा आहेत. पगार निम्मा झाला असेल, तर थेट १०० टक्के.

आधी वाढ, मग कपात झाली तर? तेच २८,८००. मोबाइलवर ०.८० गुणिले १.२० करून पाहा, ०.९६ येतं, म्हणजे ४ टक्के घट. १० टक्क्यांच्या जोडीत ती १ टक्काच असते, त्यामुळे सहसा लक्षात येत नाही.

वाढीचं पत्र आलं की टक्केवारी मूळ वेतनावर आहे की एकूण पगारावर, हेही बघावं. मूळ वेतन एकूण पगाराच्या निम्मं असेल आणि भत्ते तेवढेच राहिले, तर २० टक्क्यांची वाढ प्रत्यक्षात १० टक्केच भरते.